दातांच्या डॉक्टरांचे ‘बरं’

गेल्या मार्च महिन्यात दात साफ करून घेण्यासाठी खुर्चीत आडवी झाले होते, तेव्हा डॉक्टरांनी मला विचारले, “रात्रीचं ब्रशिंग चालू आहे ना?” तोंडात आरसा होता, लाळ ओढून घेणारी वाकडी नळी गालात अडकवलेली होती आणि दिव्याचा झोत हनुवटीवरून वर सरकत होता. अशा अवस्थेत माणूस फार तर एक अक्षर उच्चारू शकतो. मी घशातून ‘हो’ असा काहीतरी आवाज काढला आणि तो पुरेसा ठाम वाटला नसेल, या शंकेने मानही हलवली. डॉक्टर म्हणाले, “बरं.” एवढेच. मग त्यांनी ते बारीक शीळ घालणारे यंत्र माझ्या खालच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला टेकवले, आणि पुढची सात-आठ मिनिटे तिथून कीटणाचे कण खरवडून निघत राहिले. प्रत्येक कणाबरोबर कानात, म्हणजे खरे तर कवटीतच, खर्र असा आवाज होत होता. मी दिलेले उत्तर खोटे आहे, हे ते कीटण इतक्या निवांतपणे सांगत होते, की मला डोळे मिटून घ्यावेसे वाटले.

खरी गोष्ट अशी, की कित्येक महिने मी रात्री ब्रश करत नव्हते. ओट्यावरून शेवटचा हात फिरवायचा, दूध फ्रिजमध्ये ठेवायचे, दाराची कडी लावायची आणि त्यानंतर उरलेला देह गादीवर टाकायचा, असा क्रम झाला होता. त्यात ब्रशसाठीची दोन मिनिटे कुठेतरी गळून पडली होती. यात सांगू नये असे काही नव्हते. डॉक्टरांना ते माझ्या सांगण्यावरून कळणार होते, असेही नव्हते. जिभेच्या खाली लाळेच्या ग्रंथींची तोंडे उघडतात आणि लाळेत कॅल्शियम असते, त्यामुळे खालच्या पुढच्या दातांच्या पाठीमागे राहिलेला चिकट थर काही दिवसांतच दगडासारखा होऊ लागतो. एकदा तो दगड झाला, की कोणत्याही ब्रशने निघत नाही. मग ते सेकंदाला पंचवीस हजारांहून जास्त वेळा थरथरणारे टोकच लागते. म्हणजे माझ्या राहून गेलेल्या रात्री तिथे एकीवर एक रचून ठेवलेल्या होत्या, वर चहाचा तपकिरी रंग चढलेला होता, आणि ते सगळे समोर उघडे टाकून मी त्याच तोंडाने ‘हो’ म्हणाले होते.

ते ‘बरं’ मी स्वतः रोज वापरते.

मी शाळेत भूगोल शिकवते. “बाई, गृहपाठ केलाय, पण वही घरी राहिली,” असे एखादा मुलगा खिडकीबाहेर बघत सांगतो, तेव्हा मी जे ‘बरं’ म्हणते, ते हेच. त्यात राग नसतो आणि विश्वासही नसतो. मला कळले आहे, तुलाही कळले आहे की मला कळले आहे, आता पुढचा धडा काढू या, असा त्याचा अर्थ असतो. इतकी वर्षे हा शब्द मी फळ्याच्या बाजूने उच्चारत आले. बाकाच्या बाजूने तो कसा लागतो, हे पन्नाशी ओलांडल्यावर कळले. घरी येताना मला हिरड्यांच्या झोंबण्यापेक्षा त्या शब्दाचीच जास्त चुणचुण लागली होती.

साताऱ्यात राजपथावरून आत वळणाऱ्या एका बोळात, पहिल्या मजल्यावर आमच्या दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. आमच्या म्हणायचे कारण असे, की आमच्या घरातल्या चार पिढ्यांची तोंडे त्यांनी पाहिली आहेत. लाकडी जिना चढताना सहाव्या-सातव्या पायरीवर तो वास यायचा. पुढे कळले, की तो लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलचा वास. झिंक ऑक्साइडची पांढरी पूड त्यात कालवून ते तात्पुरते सिमेंट बनवत. पण लहानपणी माझी समजूत अशी होती, की आजी दाढेखाली लवंग दाबून धरते तशी डॉक्टरही कोपऱ्यात लवंगांची बरणी ठेवतात. बाहेरच्या बाकावर बसले, की आतून पाण्याच्या गुळण्या, पितळी भांड्यात उकळणाऱ्या हत्यारांचा खळखळाट आणि मधूनच यंत्राचा तो आवाज यायचा. गंमत अशी, की टेबलावर बहुतेक वेळा कंदी पेढ्यांचा पुडा असायचा. निकाल लागला, नोकरी लागली, नातू झाला, की लोक दातांच्या डॉक्टरांकडेही पेढेच घेऊन येत. आणि डॉक्टर तो पुडा समोर ठेवून पुढच्या मुलाच्या आईला गोड कमी द्या म्हणून सांगत.

मी पहिल्यांदा त्या खुर्चीत बसले ती १९८३ मध्ये, नऊ वर्षांची असताना. खालची उजवी दाढ किडली होती. आईला वाटत होते, की ती दुधाची आहे, पडेल आणि नवी येईल. हा गैरसमज आजही घरोघरी असतो, आणि त्याला कारणही तसेच आहे: सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी ही पहिली कायमची दाढ दुधाचा कोणताही दात न पाडता, सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते. कौलावर टाकायला दात हातात आला नाही, तर नवा आला आहे हे आईला कळावे कसे? डॉक्टरांनी आईला तेव्हा एकच वाक्य सांगितले होते, “वहिनी, ही दाढ हिला म्हातारपणापर्यंत पुरवायची आहे.” मग छोट्याशा खलात चांदीची पूड आणि पारा घोटला, फडक्यात पिळून जादा पारा काढला, आणि तो करकरणारा गोळा माझ्या दाढेत ठासून भरला. दोन तास काही खाऊ नकोस, म्हणाले. “घरात चॉकलेट खातेस का?” असेही विचारले होते. मी नाही म्हणाले. तेव्हाही ते ‘बरं’च म्हणाले असतील, आठवत नाही.

त्या दाढेला त्यांच्या भाषेत नाव नाही, आकडा आहे. तोंडाचे चार भाग करायचे, वरचा उजवा पहिला, तिथून फिरत खालचा उजवा चौथा. आणि मधल्या रेषेपासून मागे मोजत जायचे. म्हणून माझी दाढ ४६. मदतनीस मुलीला ते “फोर सिक्स” असे सांगतात आणि ती कार्डावरच्या चौकटीत खूण करते. बत्तीस दातांचा तो नकाशा मला पहिल्यापासून आवडतो. अक्षांश-रेखांशाच्या जाळ्यासारखाच तो आहे; अमेरिकेसारखा एखादा अपवाद सोडला, तर जगातल्या बहुतेक दवाखान्यांत ४६ म्हटले, की बोट नेमके तिथेच जाईल.

आजीचा नकाशा मात्र निराळा होता. ती मशेरी लावायची. तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजायची, तेव्हा घरभर असा ठसका उठायचा, की आम्हा मुलांना अंगणात पळावे लागे. मग ती पूड डबीत भरायची आणि दुपारची कामे आटोपली, की मागच्या पायरीवर बसून उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने दातांवर फिरवत राहायची. दात घासणे हे निमित्त होते. दिवसभरात त्या बाईला स्वतःची म्हणून मिळणारी तीच पंधरा मिनिटे होती, आणि त्या वेळी तिला हाक मारायची नाही, हा घरातला अलिखित नियम होता. एकदा तिचा खालचा दात हलायला लागला म्हणून आई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी बरोबर होते. डॉक्टरांनी विचारले, “आजी, मशेरी लावता का?” आजी म्हणाली, “कवाच सोडली.” आणि हे सांगताना तिने पदर सावरला तो त्याच बोटाने, ज्याचे पेर नखापर्यंत काळे होते. डॉक्टरांनी बोटाकडे पाहिले. “बरं,” म्हणाले. मग त्यांनी तिचा खालचा ओठ हलकेच उलटवून पाहिला, गालाच्या आत आरसा फिरवला, आणि बाहेर येऊन आईला हळू आवाजात सांगितले, की आत एक सुरकुतलेला पांढरा चट्टा आहे, आत्ता घाबरण्यासारखे नाही, पण तो बघत राहावा लागेल. आजीला मात्र ते म्हणाले, “दर तीन महिन्यांनी नुसतं दाखवायला या. पैसे नाही घेणार.”

आजी जात राहिली. प्रत्येक वेळी ‘सोडली’ म्हणत राहिली. डॉक्टर दर वेळी चट्टा पाहत राहिले. त्या वेळी हे मला निव्वळ नाटक वाटायचे, दोघांनीही ठरवून केलेले. आता वाटते, की पहिल्याच दिवशी त्यांनी तिचे ते काळे बोट हातात धरून दाखवले असते, तर ती पुन्हा तो जिना चढली नसती. तिच्या पिढीची माणसे आठवडी बाजारात फडक्यावर उपटलेल्या दातांचा ढीग मांडून बसणाऱ्या माणसाकडून दात काढून घ्यायची. तो काही विचारत नसे. कलकत्त्याला डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये दंतवैद्यकाचे कॉलेज काढले, १९४८ मध्ये दंतवैद्यांचा कायदा झाला, पण हे सगळे आमच्या गावच्या बाजारापर्यंत पोहोचायला आणखी बराच काळ जावा लागला. पदवी असलेल्या माणसासमोर तोंड उघडायचे, म्हणजे आपण काय खातो, काय लपवतो, किती आळशी आहोत, हे उघडे करायचे. आजीला दुखण्याची भीती नव्हती. बाळंतपणे तिने घरात काढली होती. तिला लाज वाटत होती.

अण्णांच्या बाबतीत मात्र त्या ‘बरं’ने काय केले, याचा मला अजून उलगडा होत नाही. अण्णा म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेत कारकून. खिशात अडकित्ता आणि चिकणी सुपारी. “जेवणानंतर एक खांड, बस्स,” असे ते डॉक्टरांना सांगत, आणि दिवसाकाठी किती खांडे होतात हे आई कोनाड्यातल्या कातरणावरून ओळखत असे. सुपारीने त्यांच्या दाढांचे उंचवटे घासून सपाट झाले होते, जात्याच्या पाळीसारखे. डॉक्टर त्यांना दर वेळी आपली तीन बोटे एकावर एक धरून तोंडात घालायला सांगत. ही साधी परीक्षा आहे: निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. सुपारीने गालाच्या आतला मऊ भाग तंतुमय, ताठ होत जातो, आणि तोंड उघडेनासे होते. झालेला ताठपणा मागे फिरत नाही. अण्णांची तीन बोटे मावत होती, मग मोठ्या कष्टाने मावू लागली, मग दोनच मावली. सुपारी सुटली ती तेव्हा, आणि तीही पूर्ण सुटली असे मी शपथेवर सांगणार नाही. ते गेल्यावर एकदा डॉक्टर आपण होऊन मला म्हणाले, “तुमच्या वडिलांना मी जरा रागवायला हवं होतं.” मी काहीच बोलले नाही. ज्या सौजन्याने आजी टिकली, त्याच सौजन्याने अण्णांना सूट मिळाली, असे म्हणावे, तर अण्णांना घरात रागावणारी माणसे कमी नव्हती आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता.

त्यांचे उरलेले दात काढायचे ठरले, तेव्हा अण्णांनी दोन वर्षे टाळाटाळ केली. वरची दाढ काढली की नजर जाते, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते, आणि ते सांगणारा कोणीतरी प्रत्येक ऑफिसात असतोच. डॉक्टरांनी डोळ्यांच्या आणि दातांच्या नसा वेगळ्या असतात, हे एकदा सांगून पाहिले. दुसऱ्या खेपेला त्यांनी ते सोडून दिले आणि खुर्चीतूनच भिंतीवरच्या कालनिर्णयातली तिथी वाचायला सांगितली. अण्णांनी वाचली. मग सुई दिली, ओठ जड होईपर्यंत थांबले आणि पकड लावली. दात ओढून काढतात अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात डॉक्टर तो आधी खाली दाबतात, मग गालाकडे, मग जिभेकडे असा संथपणे हलवत राहतात, म्हणजे भोवतालचे हाड थोडे पसरते आणि दात जवळजवळ स्वतःहून हातात येतो. कापसाचा बोळा चावून धरायला दिल्यावर त्यांनी पुन्हा कालनिर्णयाकडे बोट दाखवले. अण्णांनी बोळा चावत, न उघडणाऱ्या तोंडाने तीच तिथी वाचली. “नजर आहे तिथंच आहे,” डॉक्टर म्हणाले. घरी येताना आईस्क्रीम घेतले; थुंकायचे नाही, चूळ भरायची नाही, हे अण्णा दुसऱ्या दिवसापर्यंत पुन्हा पुन्हा आम्हालाच बजावत होते.

कवळी करताना तोंडाचे माप घ्यायचा साचाच आत जाईना, इतके तोंड आखडले होते. डॉक्टरांनी लहान साचा कापून-घासून बेतला, त्यात समुद्री शेवाळापासून बनणारे ते गुलाबी, थंड मिश्रण भरले आणि तिसऱ्या प्रयत्नात माप मिळवले. पुढे मेणात बसवलेले दात लावून पाहणे, हिरडीला जखम झाली की ॲक्रिलिक तिथे घासून घेणे, पुन्हा जाणे, असे दोन-अडीच महिने चालले. पहिले काही दिवस ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखे यायचे, म्हणून अण्णांना वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्याने वाचण्याचा गृहपाठ मिळाला होता. तो त्यांनी इमानाने केला. रात्री कवळी पाण्याच्या वाटीत असे. ती धुताना खाली पाणी भरलेले तसराळे ठेवायचे, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही, ही डॉक्टरांची सूचना आई इतकी पाळायची, की नंतर काचेची बशीही ती तसेच करून धुऊ लागली. इस्पितळात अण्णा वारले, तेव्हा नर्सने त्यांचे घड्याळ, चष्मा आणि कवळी अशा तीन वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. घड्याळ भावाकडे गेले. चष्मा आईने गरजूंसाठी दिला. मग एके दिवशी कवळीची डबी घेऊन ती डॉक्टरांकडे गेली आणि विचारले, “चष्मा देतात, तशी ही कुणाला देता येईल का?” डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी डबी उघडली, कवळी उलटी करून आतला उंचसखल भाग आईला बोटाने दाखवला आणि म्हणाले, “ही त्यांच्याच हिरड्यांवर बसते, वहिनी. दुसऱ्या कुणाच्या नाही.”

आई डबी घेऊन परत आली. ती अजून कपाटात आहे.

माझ्या ४६ची चांदी बावीस वर्षे टिकली. २००५ मध्ये एका रात्री तिने मला उठवले. दाढेचे दुखणे रात्रीच का चढते, याचे उत्तर मला डॉक्टरांनी नंतर दिले: दाताच्या आतला जिवंत गर सुजला, तर त्याला पसरायला जागा नसते, चारही बाजूंनी भिंती, आणि आडवे झाले की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो. मी पहाटेपर्यंत स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते. लवंग लावून झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, आणि हिरडीवर ठेवलेल्या वेदनाशामक गोळीने गाल भाजून घेण्याचा मूर्खपणाही झाला. सकाळी डॉक्टरांनी विचारले, “दुखायला कधीपासून लागलं?” मी म्हणाले, “काल रात्रीपासून.” हेही खोटे होते. गार पाण्याची कळ तीन महिन्यांपासून येत होती आणि मी डाव्या बाजूने चावत होते. आमच्या घरात दातावर मारायला पैसा नाही, ही म्हण त्या वर्षी अक्षरशः लागू पडत होती. मेडिक्लेममध्ये हा खर्च बसत नव्हता, आणि घराचे हप्ते नुकतेच सुरू झाले होते. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला, मुळाच्या टोकाशी काळी सावली दाखवली आणि ते जे म्हणाले, ते आता सांगायला नको.

रूट कॅनालची लोकांना वाटते तेवढी भीती बाळगण्याचे कारण नाही, पण त्या दिवशी सुईने नीट बधिरपणा येत नव्हता. सुजलेल्या जागी आम्लता वाढते आणि औषध तिथे कमी चालते, म्हणून त्यांनी आधी दाढ वरून उघडून दाब मोकळा केला, औषधे दिली आणि खरे काम पुढच्या आठवड्यावर टाकले. मग तीन खेपा झाल्या. पांढऱ्या, पिवळ्या, लाल, निळ्या मुठींच्या केसासारख्या बारीक कानशी एकेक जाडी वाढवत मुळांत फिरत होत्या. मध्ये पोहण्याच्या तलावासारखा वास येणाऱ्या द्रावाने आतले धुतले जात होते, आणि एक यंत्र मुळाचे टोक जवळ आले, की टुंक टुंक करत होते. शेवटी आत भरली ती गटापर्चा. हे नाव ऐकून मी खुर्चीत जवळजवळ उठून बसले. आग्नेय आशियातल्या झाडांचा हा चीक मी वर्गात शिकवते. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींवर याचेच आवरण असे, आणि १८७० मध्ये मुंबई लंडनशी समुद्रमार्गे जोडली गेली ती अशाच केबलीने. बातम्या जिच्यातून धावत होत्या ती तार ज्याने गुंडाळली, त्यानेच माझ्या दाढेतली शेवटची बातमी बंद केली. मदतनीस मुलीला हे सांगावेसे फार वाटले, पण तोंड उघडेच होते. गर काढलेला दात पुढे ठिसूळ होऊन तडकतो, म्हणून वर कॅप बसवली. तिचे पैसे डॉक्टरांनी तीन हप्त्यांत घेतले आणि कार्डावर त्याची नोंद केली नाही.

लेकीच्या वेळी दवाखाना बराच पालटला होता. उकळणारे पितळी भांडे जाऊन दाबाखालच्या वाफेने हत्यारे निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह आला होता, हत्यारे तिच्यादेखत बंद पाकिटातून निघत होती, एक्स-रे क्षणात पडद्यावर दिसत होता, आणि चांदीऐवजी दाताच्या रंगाचे सिमेंट निळ्या प्रकाशाने कडक होत होते. तारा लावायच्या आधी डॉक्टरांनी तिच्या दातांवर गुलाबी द्राव लावला. जिथे ब्रश पोहोचत नाही, तिथला थर रंग धरतो. बारा वर्षांच्या पोरीने आरशात पाहिले. बहुतेक दात सणासुदीच्या बर्फीसारखे गुलाबी. “रात्री ब्रश करतेस का?” त्यांनी विचारले. ती सरळ म्हणाली, “नाही. झोप येते.” मी खुर्चीशेजारी चरकले. आमच्या घराण्यात या प्रश्नाला असे उत्तर कोणी दिले नव्हते. डॉक्टर मनापासून हसले आणि लाळ झोपेत कमी होते, म्हणून रात्रीचाच ब्रश महत्त्वाचा, हे तिला समजावू लागले. तेवढ्यात ती म्हणाली, “आईलापण लावा ना हे.” मदतनीस मुलीने कापसाचा बोळाही उचलला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले, क्षणभरच, आणि म्हणाले, “मोठ्या माणसांच्या दातांवर हा रंग चढत नाही.”

हे धादांत खोटे होते.

आता त्यांची मुलगीही तिथे बसते. एम. डी. एस., म्हणजे दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी घेऊन आली आहे. हात हलका आहे, आणि दात काढलेल्या जागी हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून वर दात लावण्याचे काम ती करते, जे तिच्या वडिलांच्या उमेदीत इथे कोणी करत नव्हते. तिने एकदा मला विचारले, “काकू, आठवड्यातून किती रात्री ब्रश राहून जातं?” प्रश्न किती शहाणपणाचा आहे, हे माझ्या लगेच लक्षात आले. राहून जातेच, हे गृहीत धरलेले. फक्त आकडा सांगायचा. खोटे बोलायला दारच ठेवलेले नाही. मी म्हणाले, “दोन-तीन.” ती म्हणाली, “मग आता एकवर आणू या.” वर्गातही हा प्रश्न मी तेव्हापासून वापरते, आणि त्याने वह्या जास्त सापडतात, हे कबूल केले पाहिजे. तरीही त्या दिवशी जिना उतरताना मला काहीतरी हरवल्यासारखे वाटले. शिवाय खरा आकडा दोन-तीन नव्हता, सात होता.

सप्टेंबरमध्ये पुन्हा गेले. डॉक्टर आता आठवड्यातून तीनच दिवस येतात, तेही जुन्या माणसांसाठी. चाळीस-बेचाळीस वर्षे खुर्चीवर वाकून त्यांची मान एका बाजूला किंचित कलली आहे, आणि भिंगाचा चष्मा लावल्यावर ते घड्याळजीसारखे दिसतात. गेले सहा महिने मी रात्री ब्रश करत होते. रोज नाही, पण बहुतेक रोज. दूध फ्रिजमध्ये ठेवले, की त्या ‘बरं’ची आठवण व्हायची आणि पाय बेसिनकडे वळायचे. हे त्यांना सांगायचे मी जिन्यातच ठरवले होते, आणि त्याआधी दुसरे एक सांगायचे होते. त्यांनी माझे कार्ड काढले. कडा झिजलेले, दोनदा चिकटवलेले, वरच्या कोपऱ्यात माझे माहेरचे नाव खोडून सासरचे लिहिलेले. ४६च्या चौकटीत तीन वेगवेगळ्या शाईंच्या खुणा होत्या. त्यांनी हातमोजे चढवले. नळी तोंडात यायच्या आत मी घाईघाईने म्हणाले, “डॉक्टर, मार्चमध्ये मी तुमच्याशी खोटं बोलले होते. रात्रीच्या ब्रशचं.”

त्यांनी दिवा खाली ओढला.

“मोठा आ करा,” म्हणाले.